आक्काच्या बरगड्या

३ नोव्हेंबर

ताई,

पाकीट उघडलंस म्हणजे निम्मं काम झालं. आता फाडू नकोस.

मी आक्काला ऐकायला चालले आहे. येत्या शनिवारी. सकाळच्या बसनं निघायचं, दिवस प्रवासात जाणार, संध्याकाळी कार्यक्रम. तुला हे बाहेरून कळलं असतं तर ‘बघा, चोरून गेली’ म्हणाली असतीस. म्हणून मीच कळवतेय.

तिचं नाव घरात काढायचं नाही हा तुझा नियम मी पाळला. तू वीस वर्षांची असताना तिच्या मंडळींत गायला मिळावं म्हणून तिच्यासमोर गाऊन आलीस, आठवड्याभरात तिचा नकार आला आणि त्या दिवसापासून आपल्या घरातलं गाणं संपलं. मी तेव्हा अकराची होते. मला एवढंच समजलं की आक्का नावाच्या बाईनं माझ्या ताईचा गळा बंद केला. तिचा राग यायला हवा होता. आला नाही. त्याला मी काय करू? तलावावर नोकरी लागल्यावर मी तिथल्या पंपघरात तिची गाणी लावायचे. पंपाच्या धडधडीत बाहेर काही ऐकू जात नसे. पोहायला शिकणाऱ्या पोरांना वाटायचं, बाई मशीनशी बोलतात.

बाबांच्या शेवटच्या आजारपणात त्यांनी स्वतः ‘लाव गं एकदा’ म्हटलं म्हणून मी लावलं. तू आत आलीस आणि भिंतीतली वायरच उपटलीस. आजारी माणसाच्या अंथरुणावरून आपण दोघी काय वाटेल ते बोललो. बाबा गेले आणि तू बोलायची थांबलीस. त्याला सहा वर्षं झाली.

आता ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. जाहिरातीत ‘कदाचित शेवटचा दौरा’ असं छापलंय. मी तिला एकदाही समोर बसून ऐकलेलं नाही. ‘चल’ म्हणत नाही मी. लाँड्री एक दिवस बंद ठेवायची तर तुला ताप यावा लागतो, आणि तोही चांगला चढावा लागतो. फक्त सांगून जातेय.

तुझी,
बेडकी


९ नोव्हेंबर

ताई,

अक्षर लागलं नाही तर सोडून दे. हात ताळ्यावर नाहीत. खांद्यापासून बोटांपर्यंत ठणका लागलाय.

आक्का मेली होती. माझ्या हातांखाली. आता आहे, श्वास चालू आहे, पण मधे काही मिनिटं ती नव्हती. हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं. दुसरं कसं लिहायचं ते सुचत नाही. सगळं क्रमानं सांगते, म्हणजे मलाही कळेल काय झालं ते.

बसमध्ये शेजारच्या बाई मांडीवर शिलाई मशीनचं डोकं घेऊन बसल्या होत्या. खड्डा आला की ते माझ्या गुडघ्यावर आपटायचं आणि त्या मशीनलाच ‘लागलं का गं’ विचारायच्या. मला इतका आनंद झाला होता की मी त्यावरही हसत होते. रस्ताभर हसतच गेले म्हण.

सभागृह म्हणजे जुनं सिनेमाघर. खुर्च्यांतला स्पंज बाहेर आलेला, पंखे करकरणारे. माझी जागा तिसऱ्या रांगेत, कडेची. पडदा सरकला आणि ती आली. तिच्या आवाजावरून मला नेहमी वाटायचं, ही बाई दारात मावणार नाही. आली ती इवलीशी. अनवाणी, पांढरे केस कानापर्यंत कापलेले. तिच्या पुतणीनं कोपराला धरलं होतं, तर तिनं तो हात झटकून टाकला. पुतणी मागे ढोल घेऊन बसली. आक्कानं दोन तारांचं ते वाद्य मांडीवर घेतलं, जुळवलं आणि कुणाला नमस्कारबिमस्कार न करता सुरूच केलं.

‘घर वाहून गेलं, उंबरा राहिला.’ पंपघरात लावायचे तेच. वरच्या पट्टीत आवाज फाटत होता आणि ती तो फाटू देत होती. मी रडले. तू तोंड वाकडं करशील, कर.

तीनचार गाणी झाली. मग तिनं वाद्य खाली ठेवलं, पाणी प्यायली आणि म्हणाली, “पुढचं गाणं माझं नाही. हे मी एका मुलीसाठी ठेवलं होतं. तिच्या बापानं...”

आणि थांबली. मला वाटलं, विसरली. तिनं समोर पाहिलं, पण आमच्याकडे नाही. वाद्य उचलायला वाकली आणि तशीच कुशीवर गेली. तिच्याखाली तारा सापडल्या, त्यांचा मोठा आवाज झाला.

आणि लोक हसले, ताई. सगळे नाही, पण हसले. त्यांना वाटलं, म्हातारी गंमत करतेय.

मी स्टेजवर कशी चढले ते मला आठवत नाही. पायऱ्या दुसऱ्या बाजूला होत्या, म्हणजे समोरूनच चढले असणार, गुडघा सोललाय. जाकीट घातलेला एक आयोजक ‘पाणी आणा, पाणी आणा’ ओरडत होता. मी तिच्या तोंडाशी कान नेला. श्वास नाही. मान चाचपली. काही नाही.

आम्हाला तलावावर दर वर्षी हे शिकवतात. एक रबरी माणूस आहे, त्याला आम्ही मामा म्हणतो. मामाच्या छातीवर दाबलं की आत टिक होतं, म्हणजे बरोबर दाबलं. इतकी वर्षं मी मामाला वाचवत आले. खरं माणूस कधी नाही. खऱ्या माणसाच्या छातीत टिक होत नाही. तिसऱ्या की चौथ्या दाबाला तिची बरगडी मोडली. ओली काठी मोडावी तशी, तळहातात कळली मला. थांबायचं नसतं. मी थांबले नाही. आणखी एक मोडली.

पुतणी किंचाळली, “अहो, काय करताय! मारताय तिला तुम्ही!”

मी म्हटलं, “श्वास नाहीये. ॲम्ब्युलन्स बोलवा. आणि माझी लय धरा, मी दमले की हळू होईन.”

असं का म्हणाले ते देव जाणे. पण तिनं जाकीटवाल्याला ढकलून फोनकडे पाठवलं, ढोल ओढला आणि माझ्या हातांकडे बघत ठेका धरला. सरळ, घट्ट. मी त्यावर दाबत राहिले. तिसऱ्या रांगेतला एक आडदांड ड्रायव्हर वर चढून आला, मी त्याला कसं दाबायचं ते दाखवलं, मग आम्ही आळीपाळीनं केलं.

आणि मागच्या रांगांतून टाळ्या सुरू झाल्या. ठेक्यावर! मागच्यांना दिसतच नव्हतं गं काय चाललंय ते. त्यांना वाटलं, गाणं रंगात आलंय. आक्का मेलेली होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. मग पुढून मागे बातमी गेली तशी एकेका रांगेची टाळी बंद पडत गेली. शेवटी नुसता ढोल उरला.

ॲम्ब्युलन्सवाले आले. मशीन लावलं. तिचं अंग उडालं. परत उडालं. त्यातला एक जण मानेवर बोट ठेवून बसला आणि म्हणाला, “आहे.”

बास, एवढंच. मी स्टेजवर बसूनच राहिले. माझ्या मुठीत तिच्या पोलक्याचं बटण होतं. कुणीतरी माझा फोटो काढला. कुणीतरी मला विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण?

लॉजवर येऊन फोनमध्ये तुझं नाव काढलं. मग फोन उलटा ठेवला आणि कागद मागून घेतला.

बेडकी


१५ नोव्हेंबर

ताई,

तू विचारणार नाहीस, पण आक्का बरी आहे. तिकडे हृदयाची सोय नव्हती म्हणून तिला इकडच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. माझ्या तलावापासून दोन गल्ल्यांवर. पुतणीनं ॲम्ब्युलन्सवाल्यांकडून माझा नंबर शोधून काढला आणि फोन केला, “ती तुम्हाला बघायचं म्हणते.”

मी नवीन ब्लाऊज घालून गेले. काय वेडेपणा बघ. वॉर्डात पोचले तर आक्का उशांना टेकून बसलेली, तोंड काळंनिळं. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

“माझ्या बरगड्या मोडणारी ती हीच का?”

मी म्हटलं, “हो.”

“चार मोडल्यास.”

“हो.”

“शिंकताना जीव जातो माझा. गेलेलाच होता म्हणे, तू परत आणलास. तुझे आभार मानू का तुला झोडपू, ते अजून ठरलं नाही. बस.”

मी बसले. जिचा आवाज मी पंपघरात लपवून ऐकला, ती माझ्याकडून उशी नीट करून घेत होती. मला सगळं खोटं वाटत होतं. अजूनही वाटतं. तलावावर पोरं उडी मारतात, पाणी उडतं आणि मी दचकते. काल पाण्यात हात घातला तर तळहातात तीच बरगडी.

मी तिला विचारलं, स्टेजवर ते वाक्य अर्धं राहिलं होतं. बापानं काय?

तिनं सांगितलं.

ते असू दे. उगीच लांबण लागेल. तलावाच्या तळाच्या फरशा निघाल्यात, त्यामुळे पुढच्या आठवड्यात पाणी काढणार आहेत. औषध जास्त पडलं की माझे डोळे लाल होतात आणि सगळ्यांना वाटतं, मी रडले. तुझ्या गुडघ्याचं काय? इस्त्रीपाशी उभं राहून राहून सुजतो म्हणायचीस. उंच स्टूल घे.

बेडकी


२२ नोव्हेंबर

ताई,

सहा वर्षांनी तुझा मेसेज आला. ‘ती काय म्हणाली?’ ना ताई ना बेडकी, ना कशी आहेस. पण आला. म्हणजे तू पत्रं वाचतेस, आणि मी काहीतरी गिळलं हे तुला वासानं कळलं. लहानपणीही बरणीला हात लावला की तुला कळायचं.

मी सांगणार नव्हते. आताही सांगू नये असं वाटतं. पण तू विचारलंस.

आक्का म्हणाली, “खूप वर्षांपूर्वी एक पोरगी माझ्याकडे गायली. विशीची असेल. उजव्या भुवईत खाच. डोळे गच्च मिटून गायची. मी आयुष्यात पुष्कळ गळे ऐकले, पण हिला ऐकून मी पुतणीच्या आईला म्हटलं, हिला न्यायची. माझ्यानंतरची हीच. तिच्यासाठी एक गाणं बाजूला काढून ठेवलं. चार दिवसांनी तिचा बाप आला. छापखान्यात पुस्तकं बांधायचा, नखांत सरस सुकलेला. दारातच उभा राहिला, आत येईना. म्हणाला, माझ्या मुलीला नाही म्हणा. मी म्हटलं, का? तर म्हणाला, कारण विचारू नका, पण मी आलो होतो हे तिला कळू देऊ नका. मी भांडले त्याच्याशी. तो नुसता खाली मान घालून उभा. शेवटी मी नाही म्हणून कळवलं. ज्या घरातला बाप असा, तिथून पोरीला ओढून आणून काय करणार? पण तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमात ते गाणं गाण्याआधी मी त्या बापाची गोष्ट सांगते. लोकांना कळू दे, गळे कसे मरतात ते.”

तुझ्या भुवईतली खाच, ताई. बाबांची नखं.

‘ती माझी ताई’ असं तोंडातून निघालंच नाही. पाणी आणते म्हणून बाहेर गेले आणि जिन्यात बसून राहिले. येणारेजाणारे मला ओलांडून जात होते.

आक्कानं तुला नाकारलं नव्हतं. बाबांनी नाकारायला लावलं. आपले बाबा, ज्यांनी आई गेल्यावर आपल्या वेण्या घालायला शिकून घेतलं. ज्यांचं शेवटचं सगळं तू एकटीनं केलंस, उष्टं काढलंस, अंथरूण बदललंस. मी त्यांना काय समजत होते आणि ते काय निघाले! मला रोज त्यांचा फोटो पुसायची सवय आहे. आठ दिवस झाले, हात लावलेला नाही.

हे तुला कळून काय होणार आहे, माहीत नाही. पण इतकी वर्षं तू चुकीच्या माणसावर रागावलीस, हे तुला न सांगता मला राहवत नाही.

बेडकी


२६ नोव्हेंबर

ताई,

काल फोनवर माझ्या तोंडून ‘हं’ शिवाय काही निघालं नाही, म्हणून लिहितेय. मी काठावर होते, गळ्यात शिट्टी, पाण्यात नवशिक्या बायका तरंगायला शिकत होत्या. तुझं नाव दिसलं आणि मी त्यांना ‘कडेला धरून राहा’ म्हणून ओरडले. त्या तशाच धरून राहिल्या बिचाऱ्या, तू फोन ठेवेपर्यंत.

तू म्हणालीस, “बाबांना काही बोलू नकोस.”

मला वाटलं, तू त्यांची बाजू घेतेयस. नेहमीसारखी.

मग म्हणालीस, “मीच पाठवलं होतं त्यांना.”

मी म्हटलं, “हं?”

“ती मला ठेवून घेणार हे मला गातानाच कळलं होतं. तिच्या तोंडावर दिसत होतं. गावोगाव हिंडायचं, रोज नव्या लोकांसमोर उभं राहायचं, आणि एक दिवस तिच्या जागी बसायचं. मला नाही म्हणायचं होतं, पण मी स्वतः नाही म्हटलं असतं तर सगळे म्हणाले असते, घाबरली. बाबांच्या पाया पडले मी. म्हटलं, तुम्ही जा, तिलाच नाही म्हणू दे. ते तयार नव्हते. दोन दिवस जेवले नाहीत. मग गेले.”

मग तूच पुढे म्हणालीस,

“तुझ्यासाठी मागे राहिले असं सांगायला मला आवडलं असतं. तू लहान होतीस, घरात आई नव्हती. पण तसं नाही. मी घाबरले होते, बास. आणि मग तिचं गाणं कुठेही लागलं की मला तेच ऐकू यायचं.”

तू रडत नव्हतीस. मागे तुझ्या वाफेच्या इस्त्रीचा फुस्सफुस्स आवाज येत होता. तू इस्त्री करत करत हे बोलत होतीस?

मला अजून विश्वास बसत नाही. आक्काची छाती दाबताना बसला नव्हता तसाच. आधी आपल्या घरात आक्का वाईट होती, मग मला वाटलं बाबा वाईट, आणि आता मी कुणाला धरू?

एक गोष्ट तुला माहीत नाही. तू वायर उपटून निघून गेलीस त्या दिवशी मी बाबांना म्हटलं, तुम्ही हिला एक शब्द का बोलत नाही? गाणं तुम्हाला हवं होतं ना? ते म्हणाले, “तिचं तिला माहीत. तू पडू नकोस त्यात.” मी मनात म्हटलं, किती पुळचट माणूस आहे हा. ताई, तो माणूस तुझ्यासाठी खोटं बोलला, आणि त्याच्या बदल्यात त्याला आवडणारं गाणं त्याच्याच घरात बंद झालं, तरी मरेपर्यंत त्यानं तोंड उघडलं नाही. तुझ्यासमोर नाही, माझ्यासमोर नाही. शेवटी एकदाच ‘लाव गं’ म्हणाला. आणि तू वायर उपटलीस.

मला तुझा राग आलाय. पेन कागदात रुततंय, बघ.

पण आक्काला अजून तोच बाप माहीत आहे. ती बरी होऊन घरी जाईल, आणि कधी पुन्हा गायला बसली तर आधी त्याची गोष्ट सांगेल. तिला खरं काय ते मी सांगणार नाही. ते माझं नाही. वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या डावीकडे, खिडकीची खाट. दुपारी भेटायला सोडतात.

बेडकी


२ डिसेंबर

बेडके,

हे पत्र आक्काच्या पुतणीच्या हाती तलावावर पाठवतेय. दचकू नकोस. आक्का ठीक आहे. मी इथे आहे, हॉस्पिटलात. लाँड्रीला कुलूप लावून आले. ताप आलेला नाही.

तू कामावर असशील अशीच वेळ धरून आले होते. तिच्याशी बोलून तुला न भेटता परत जायचं ठरवलं होतं. माझा स्वभाव तुला माहीत आहे.

ती झोपली होती. मी खाटेच्या पायाशी उभी राहिले. किती लहान झालीय गं ती. तिनं डोळे उघडले, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, “पुढे ये. भुवई दाखव.”

मी दाखवली. पुतणीनं स्टूल दिलं, पण मी बसले नाही. बसले असते तर सांगता आलं नसतं. उभ्याउभ्या सगळं सांगितलं. बाबांना मी पाठवलं, का पाठवलं, ते दोन दिवस कसे जेवले नाहीत. मला वाटलं होतं ती ओरडेल, नाहीतर ‘जाऊ दे, पोरी’ म्हणेल. काहीतरी एक म्हणेल.

तिनं तोंड भिंतीकडे केलं.

पुतणीनं मला बाहेर चला अशी खूण केली. मी निघाले, तेव्हा ती भिंतीकडे बघूनच बोलली.

“मी त्या माणसाला गावोगाव शिव्या दिल्यात. हजार लोकांसमोर. लोक त्याच्या नावानं थुंकायचे, आणि मला बरं वाटायचं. आता तो कुठे आहे?”

मी म्हटलं, “नाही तो. सहा वर्षं झाली.”

“मग मी कुणाची माफी मागू?”

ती रडायला लागली आणि बरगड्यांमुळे तिला रडताही येईना. तोंड उघडून नुसती धापा टाकत होती. नर्स धावत आली, आम्हा दोघींना खूप बोलली आणि तिच्या हातात एक प्लॅस्टिकचं खेळणं दिलं. आत तीन रंगीत गोळे आणि एक नळी. नळीतून श्वास आत ओढला की गोळे वर जातात. छाती भरून श्वास घेतला नाही तर कफ साठेल, म्हणून दर तासाला करायचं. आक्कानं ओढलं. एकही गोळा हलला नाही. जिचा सूर सिनेमाघराच्या शेवटच्या रांगेपर्यंत जायचा, तिला प्लॅस्टिकचा एक गोळा हलवता येईना. ती नळीकडे अशी बघायला लागली की मला बघवेना.

नर्स म्हणाली, “कुणीतरी सोबत करा यांच्या, म्हणजे जमेल.”

पुतणी उठायच्या आत मी स्टुलावर बसले. म्हटलं, माझ्याबरोबर घ्या. मी श्वास घेतला, पोटातून, मी तिच्यासमोर गायले त्या दिवशी तिनंच मला दाखवला होता तसा, गायच्या आधी घ्यायचा. तिनं माझ्या तोंडाकडे बघत घेतला. परत घेतला. पुष्कळ वेळानं पहिला गोळा थोडासा वर गेला आणि पडला. ती म्हणाली, “पुन्हा.”

दुपारपासून हेच चाललंय. पुतणीला मी रात्री घरी झोपायला पाठवणार आहे, किती दिवस ती खुर्चीत झोपतेय. मी थांबेन. आज, उद्या, जितके दिवस लागतील तितके. गा म्हणून आक्कानं मला सांगितलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही.

तुला माझ्यावर जे काय ओरडायचंय ते बाहेरच्या बाकावर ओरड. आत नको, तिला ना हसायची परवानगी आहे ना रडायची. मी ऐकून घेईन. मधे बोलणार नाही.

पण ये, आणि लवकर ये. मघाशी गोळे बाजूला ठेवून ती म्हणाली, त्या माणसाबद्दल सांग. कसा होता, कसा हसायचा, पुस्तकं कशी बांधायचा. ज्याला मी इतके शिव्याशाप दिले तो कोण होता ते मला कळू दे. मी सांगत गेले, वेण्यांचं सांगितलं, सरसाच्या वासाचं सांगितलं. मग तिनं विचारलं, “माझं कुठलं गाणं आवडायचं त्याला?”

मला माहीत नाही गं. मी त्यांना कधी ऐकूच दिलं नाही. शेवटी त्यांनी तुला कुठलं लावायला सांगितलं होतं?

ती वाट बघतेय.

ताई